कुंपण, तिकीट आणि खेळाडू : मुंबईच्या चौरंगी व पंचरंगी सामन्यांचा अर्थव्यवहार

मानवतच्या आसपासच्या गावजत्रांत कुस्त्यांचा फड ज्याने पाहिला आहे, त्यास खेळ आणि पैसा यांच्यातील एक जुना संबंध निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते. आणि दिवस मावळण्याच्या बेतास मोठ्या जोडीची कुस्ती होते. इनाम गावाच्या वर्गणीतून येते. ते सर्वांसमक्ष पुकारले जाते आणि सर्वांसमक्ष जेत्याच्या हाती पडते. पाहणारा मात्र काहीच देत नाही. ज्यास जेथे जागा मिळेल तेथे तो बसतो. फडाभोवती कडे असते ते माणसांचे. भिंतीचे किंवा तट्ट्यांचे नव्हे.

या व्यवस्थेत दोन गोष्टी स्पष्ट असतात. पैसा कोणी दिला हे सर्वांस ठाऊक असते, आणि तो कोणास मिळाला हेही सर्वांस ठाऊक असते. परंतु खेळाभोवती एकदा कुंपण पडले आणि त्या कुंपणास दार ठेवून दाराशी तिकीट विकले जाऊ लागले, की या दोन्ही गोष्टी अस्पष्ट होऊ लागतात. पैसा हजारो हातांनी येतो आणि दाराच्या आत कोठे जातो हे पाहणाऱ्यास कळत नाही. मुंबईतील तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. या सामन्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुधा त्यांतील पराक्रमाविषयी किंवा त्यांतील जातीयतेविषयी. त्यांचे तिसरे अंग, म्हणजे त्यांचा अर्थव्यवहार, तितकेसे पुढे आलेले नाही. वस्तुतः त्या अंगाकडे पाहिल्याखेरीज पहिल्या दोहोंचाही उलगडा पुरता होत नाही, असे आमचे मत आहे.

१

तिकीट लावून लोकांस खेळ दाखविणे ही गोष्ट महाराष्ट्रास क्रिकेटने शिकविली असे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते राजाश्रयावर. श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले, आश्रय सुटला आणि १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईस तिकिटे लावून प्रयोग केले. राजाच्या खजिन्याऐवजी प्रेक्षकाच्या खिशावर उभी राहिलेली नाटकमंडळी ती येथून. पुढे १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ मुंबईत उभी केली. त्यांच्या तंबूची कनात हे एक कुंपणच होते. नाटकाच्या आणि सर्कशीच्या या धंद्यांत कोणास संकोच नव्हता. नटास पगार मिळे, कसरतपटूस पगार मिळे, मालकास नफा होई किंवा कर्ज होई, आणि या सर्वांस धंदा म्हणण्याची लोकांस सवय होती.

कुस्तीचे निराळे. तिला दीर्घकाल राजाश्रय लाभला. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी मल्लांच्या खुराकाची सोय केली, तालमी पोसल्या आणि खासबागेत दगडी बांधणीचे विस्तीर्ण मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. मल्लास आपल्या अंगमेहनतीचा मोबदला घेण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, कारण तो मोबदला मानाचा म्हणूनच दिला जाई. मानवत ज्या निजामी मुलखात १९४८ पर्यंत होते, तेथेही क्रिकेट वाढले ते याच वाटेने. हैदराबादेतील मोईन-उद्-दौला सुवर्णचषकाचे सामने १९३० नंतर गाजू लागले, त्यांच्यामागे एका अमीराची हौस आणि त्याची थैली होती.

सारांश, विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्याकडे खेळास पैसा पुरविण्याच्या तीन रीती रूढ होत्या. गावाची वर्गणी, राजाचा आश्रय आणि प्रेक्षकाचे तिकीट. मुंबईच्या क्रिकेटने यांतील तिसरी रीत उचलली. परंतु ती उचलताना धंद्याचे नाव मात्र घेतले नाही. पुढील सर्व गुंतागुंत या एका गोष्टीतून उद्भवली.

२

मुंबईत क्रिकेट प्रथम पारशी मंडळींनी आपलेसे केले. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. हे सर्व खेळणे किल्ल्याबाहेरील मोकळ्या मैदानात चाले. तेथे कुंपण नव्हते. तेव्हा पहिला झगडा झाला तो पैशासाठी नसून जमिनीसाठी झाला. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये स्थापन झाला आणि मैदानाचा उत्तम भाग त्याच्या ताब्यात गेला. उरलेल्या भागात देशी मुले क्रिकेट खेळत, तेथेच गोरे लोक पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळणार? देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. खेळाच्या इतिहासाइतकेच ते एका अर्जलढ्याचे दप्तर आहे.

सरकारने या तक्रारींवर शोधलेला तोडगा फार दूरगामी ठरला. समुद्र हटवून मिळविलेल्या केनेडी सी फेसच्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांस निरनिराळे भूखंड देण्यात आले. प्रथम पारशी, मग मुसलमान आणि हिंदू असे जिमखाने तेथे शेजारी शेजारी उभे राहिले. हिंदू जिमखाना १८९४ चा. परमानंददास जीवनदास हे देणगीशी निगडित नाव त्याने धारण केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जमीन समाजाच्या नावे मिळाली, इमारत समाजातील धनिकांच्या पैशाने झाली, आणि म्हणून संघही समाजाच्या नावानेच निघाला. खेळातील जातवार विभागणी लोकांच्या मनातून आली हे खरे. पण ती जमिनीच्या खात्यावरही नोंदली गेली होती.

व्हर्ननच्या इंग्रज संघास पारशांनी जानेवारी १८९० मध्ये हरविले, तेव्हा या खेळात हजारो माणसे जमविण्याची शक्ती आहे हे प्रत्ययास आले. लॉर्ड हॅरिस हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८९२ पासून, युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामने सुरू झाले. हिंदूंनी फेब्रुवारी १९०६ मध्ये युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळविला. त्यांच्या समावेशाने १९०७ मध्ये सामने तिरंगी झाले, मुसलमान आल्यावर १९१२ मध्ये चौरंगी झाले, आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आदींचा ‘इतर’ म्हणून संघ घेण्यात येऊन पंचरंगी झाले.

हे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. त्या जिमखान्याच्या सभासदत्वाचा अधिकार फक्त युरोपियनांस होता. परंतु सामन्याच्या दिवसांत मैदानाच्या कडेने तंबू आणि तात्पुरते मांडव उभे राहत. आत तिकिटाची जागा, बाहेर फुकट्यांची गर्दी आणि झाडांच्या फांद्यांवर लटकलेली मुले, असे ते दृश्य असे. कुंपण होते, पण कच्चे. उत्पन्न जिमखान्यांकडे जाई, आणि त्यातून मैदानांची निगा, इमारती व सभासदांच्या सोयी चालत. वर्षातून एकदा येणारा हा हंगाम जिमखान्यांच्या जमाखर्चाचा आधार होऊन बसला.

ज्या व्यवहारात माल ठरावीक जागी, ठरावीक दिवशी, ठरावीक दराने विकला जातो, त्यास व्यापार म्हणण्यास हरकत नसावी. येथे विकला जाणारा माल कोणता? केवळ उत्तम क्रिकेट नव्हे. उत्तम क्रिकेट पुढे रणजी करंडकाच्या सामन्यांतही होते. परंतु त्यांस मुंबईत अशी गर्दी लोटत नसे. ‘आपला’ संघ आणि ‘त्यांचा’ संघ ही भावना हेच या व्यवहाराचे खरे भांडवल होते. ते कोणी गुंतविले नव्हते. परंतु त्याचे व्याज दर वर्षी वसूल होत होते.

३

आता ज्याच्या जोरावर हे उत्पन्न होई त्या खेळाडूकडे वळू. पाळवणकर बाळू यांचे चरित्र या बाबतीत फार बोलके आहे. चांभार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्या-लाटण्याच्या कामास दरमहा ३ रुपयांवर लागला. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना जिमखान्यात ४ रुपयांवर गेला. तेथे जाळे बांधणे, खेळपट्टी आखणे आणि साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकणे हे त्याचे काम. तासन्‌तास टाकलेल्या त्या चेंडूंतून हिंदुस्थानातील पहिला थोर डावखुरा मंदगती गोलंदाज घडला.

म्हणजे बाळू यांच्या खेळास आरंभी मजुरी होती. अल्प, पण उघड. पुण्याच्या हिंदू संघाने, आणि पुढे मुंबईस हिंदू जिमखान्याने, त्यांस आपल्या बाजूने खेळविले, तेव्हा ही मजुरी नाहीशी झाली आणि तिच्या जागी मान आला. पण तोही अर्धाच आला. चेंडू सर्वांनी एकच हाताळायचा. चहा मात्र बाळूंनी तंबूबाहेर मातीच्या भांड्यात घ्यायचा. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांस, १९२३ मध्ये, आणि तेही पुष्कळ वादविवादानंतर. मुंबईत बाळूंचा चरितार्थ रेल्वेच्या नोकरीवर चाले. ज्या सामन्यांस लोक पैसे देऊन येत, त्या सामन्यांतून नव्हे.

याच्या शेजारी फ्रँक टॅरंटचे उदाहरण ठेवावे. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला आणि मिडलसेक्सकडून पगारावर खेळणारा अव्वल धंदेवाईक खेळाडू. तो हिंदुस्थानात संस्थानिकांच्या पदरी राहिला आणि चौरंगी सामन्यांत युरोपियन संघाकडून खेळला. इंग्रजांच्या क्रिकेटात ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ असा भेद १९६२ पर्यंत पाळला गेला. भेद अपमानकारक होता यात शंका नाही. परंतु त्यात निदान एवढे होते, की ज्यास पैसे घ्यावयाचे आहेत त्याने ते कराराने घ्यावे आणि तसे म्हणवून घ्यावे. आपल्याकडे या भेदातील अपमान उचलला गेला आणि करार वगळला गेला.

उरलेल्या खेळाडूंचे कसे चाले? सी. के. नायडू नागपूरचे. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांनी एम. सी. सी. विरुद्ध हिंदूंकडून बॉम्बे जिमखान्यावर ११ षट्कारांसह १५३ धावा काढल्या, तेव्हा सारे मैदान वेडे झाले. त्यांचा योगक्षेम होळकर दरबाराच्या चाकरीत चालला. दि. ब. देवधर पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक. कोणी रेल्वेत, कोणी पेढीवर, कोणी संस्थानात. खेळाची किंमत खेळातून न मिळता ती नोकरीच्या रूपाने बाहेरून मिळावी, ही पद्धत पुढे अनेक वर्षे चालली. तिने पुष्कळांस पोटापुरते दिले हे नाकारता येत नाही. पण तिकिटाच्या उत्पन्नावर खेळाडूचा काही हक्क आहे, हा प्रश्न तिने उपस्थित होऊ दिला नाही.

४

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक उघड होईल. तुलनेसाठी आपल्यापासून हवामानाने सर्वांत दूरचा खेळ घेऊ. बर्फावरील हॉकी हा कॅनडातील खेळ. आपल्या मैदानी हॉकीहून तो पुष्कळ निराळा आहे. पायांत लोखंडी पात्यांचे जोडे घालून, गोठविलेल्या पृष्ठभागावर, चेंडूऐवजी चपट्या चकतीने तो खेळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोही ‘हौशी’ गृहस्थांचा खेळ होता, आणि पैसे घेणारा खेळाडू तेथेही हलका मानला जाई.

परंतु या खेळास एक नैसर्गिक अडचण होती आणि तिनेच त्याचा अर्थव्यवहार घडविला. बर्फ टिकवावयाचे आणि हिवाळ्यात प्रेक्षकांस बसवावयाचे, तर छप्पर असलेली बंदिस्त इमारत हवी. म्हणजे या खेळास पक्के कुंपण फार लवकर मिळाले. इमारतीचा मालक म्हणजे दाराचा मालक. आणि दाराच्या मालकास घर भरण्यासाठी चांगले खेळाडू हवेत. खेळाडूंस उघडपणे पगार देणारी पहिली संघटना १९०४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन प्रांतातील तांब्याच्या खाणींच्या मुलखाभोवती निघाली आणि १९०७ पर्यंत टिकली. पुढे १९०९ च्या डिसेंबरात माँट्रियल येथे नवी संघटना झाली. तिच्यातील रेन्फ्रू या लहानशा गावच्या संघामागे चांदीच्या खाणींचा पैसा होता. त्या संघाने ‘सायक्लोन’ टेलर या खेळाडूस १२ सामन्यांच्या एका हंगामासाठी ५,२५० डॉलर दिले असे सांगतात. लगेच पुढील हंगामात मालकांनी आपसांत ठरवून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. खेळाडूंनी आरडाओरड केली. लाकडाच्या धंद्यातून पैसा झालेल्या पॅट्रिक कुटुंबाने १९११-१२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर यंत्राने बर्फ गोठविणाऱ्या इमारती बांधून स्वतःचीच संघटना काढली आणि पूर्वेकडील खेळाडू जादा वेतनाने पळविले. आज प्रसिद्ध असलेली नॅशनल हॉकी लीग ही संस्था नोव्हेंबर १९१७ मध्ये जन्मली, तीसुद्धा एका नकोशा सहमालकास बाहेर ठेवण्याच्या युक्तीतून.

ही हकीकत सात्त्विक आहे असे नव्हे. हॅमिल्टन येथील संघाने १९२५ मध्ये, हंगामातील सामने वाढविले म्हणून अंतिम फेरीसाठी प्रत्येकी २०० डॉलर जादा मागितले आणि ते न मिळाल्यास खेळणार नाही असे सांगितले. त्यांस निलंबित करण्यात आले. आणि त्या खेळाडूंचे करार ७५,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या मालकास विकले गेले. माणसे वस्तूंसारखी विकली गेली. तथापि या प्रसंगातील एक बाब विचारार्ह आहे. त्या खेळाडूंस आपण काय मागत आहो हे ठाऊक होते. मालकांस आपण काय नाकारत आहो हे ठाऊक होते. आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रेक्षकासही भांडण कशाचे आहे ते समजत होते. धंद्यास धंदा म्हटल्याने न्याय मिळतोच असे नाही. मात्र अन्यायास नाव मिळते.

मुंबईत हे झाले नाही. तेथे पैशाचे भांडण झाले तेव्हा त्याने दुसराच वेष धारण केला.

५

मुंबईच्या क्रिकेटास पक्के कुंपण मिळाले १९३७ मध्ये. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ मध्ये नोंदविला गेला होता. ग्रँट गोव्हन आणि अँथनी डी मेलो हे त्याचे चालक. याच दोघांनी १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या स्थापनेतही पुढाकार घेतला होता. बॅकबेच्या भरावातील सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन चौरस यार्डास साडेतेरा रुपये या दराने क्लबास मिळाली आणि गव्हर्नर ब्रेबर्न यांचे नाव मैदानास देण्यात आले. कोनशिला १९३६ मध्ये बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी मैदानाचे उद्घाटन झाले. हे मैदान कोणत्याही एका जातीच्या जिमखान्याचे नव्हते. वरकरणी पाहता, बॉम्बे जिमखान्याच्या वर्णबंदीपेक्षा ही केवढी तरी प्रगती होती.

परंतु दाराचा मालक बदलला होता. पूर्वी जिमखाने आपापले मांडव घालीत आणि आपापल्या लोकांस बसवीत. आता पक्क्या प्रेक्षागारातील प्रत्येक जागा प्रथम क्लबाची होती. त्यातून क्लबाच्या सभासदांचा वाटा काढून उरलेल्या जागा जिमखान्यांत वाटावयाच्या. हिंदू जिमखान्याने आपल्या समाजाच्या आणि प्रेक्षकांच्या संख्येच्या मानाने अधिक जागा मागितल्या. मागणी मान्य झाली नाही. हिंदू संघाने १९३७ च्या सामन्यांतून अंग काढून घेतले. पंचरंगी म्हणून जाहीर झालेले सामने पहिल्याच वर्षी चार संघांत उरकावे लागले.

या वादात शब्द वापरले गेले ते समाजाच्या न्याय्य हक्काचे आणि अपमानाचे. ते शब्द वापरणारे ढोंगी होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्या जिमखान्याची जमीन, नाव आणि संघ ही सर्व समाजाच्या नावावर उभी आहेत, त्यास जागा कमी मिळाल्या म्हणजे समाजास जागा कमी मिळाल्या असेच वाटणार. पण वस्तुस्थिती अशी की एका जागेचा अर्थ एक तिकीट, आणि एका तिकिटाचा अर्थ काही रुपये. उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न समाजाच्या मानापमानाचा प्रश्न झाला. आणि मानापमानाच्या प्रश्नात हिशेबाची वही उघडून बसणे हे क्षुद्रपणाचे ठरते, त्यामुळे ती वही उघडली गेलीच नाही. पुढच्या वर्षी तडजोड होऊन हिंदू संघ परतला. या सर्व खटाटोपात खेळाडूस काय मिळावे हा विषय कोणत्याही बाजूच्या मागणीपत्रात मुख्य नव्हता.

६

पंचरंगी सामन्यांचे वैभव यानंतरचेच. विजय हजारे हे सांगलीचे. ‘इतर’ संघाकडून १९४३ च्या अंतिम सामन्यात ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या; प्रतिपक्षाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० काढल्या होत्या. पुढच्या वर्षी मुसलमान संघाने हिंदूंवर केवळ एक गडी राखून विजय मिळविला. असा खेळ पाहावयास मिळत असता लोकांनी येऊ नये असे म्हणणे कठीण होते.

तरीही तसे म्हणणारे होते आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षणीय नव्हते. कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३ या वर्षांत, सामने झालेच नव्हते. १९४२ मध्येही झाले नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस गेली. युद्धाने जग होरपळत असता आणि देशातील नेते तुरुंगात असता असे उत्सव होऊ नयेत, हे तर गांधीजींनी सांगितलेच. शिवाय महाविद्यालयामहाविद्यालयांत किंवा संस्थांसंस्थांत सामने व्हावेत हे समजते, जातीजातींत ते का व्हावेत हे समजत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या मतास मोठा पाठिंबा मिळाला, तसा विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांत खेळावरील प्रेमाने बोलणारे होते. परंतु सामने बंद झाल्यास जिमखान्यांचे उत्पन्न जाईल, ही चिंताही त्यात होती. नैतिक प्रश्नास उत्तर देताना जमाखर्चाची अडचण सांगता येत नाही. म्हणून ती दुसऱ्या शब्दांत सांगितली जाते.

नियामक मंडळाचा विरोध आणखी निराळ्या प्रकारचा. त्याने १९३४ मध्ये प्रांतवार रणजी करंडक सुरू केला होता. प्रांताप्रांतांतील सामने राष्ट्रीय ऐक्याच्या दृष्टीने अधिक योग्य, हे त्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबरच होते. परंतु एकाच शहरात, एकाच हंगामात, एकाच प्रेक्षकासाठी दोन स्पर्धा झगडत होत्या, आणि त्यांतील एकीस गर्दी होती व दुसरीस नव्हती, हेही तितकेच खरे. अखेर १९४६ च्या आरंभी पंचरंगी सामन्यांचा शेवटचा हंगाम संपला. देशाची फाळणी दाराशी आली असता ते पुढे चालणे अशक्य होते आणि ते बंद झाले हे योग्यच झाले. मात्र त्यांच्या जाण्याने कुंपण आणि दार गेले नाही.

७

आमच्या प्रतिपादनास पुरावा हवा असेल तर तो पुढील घटनांत मिळतो. जागांचा तंटा हा केवळ जातीय भावनेचा परिणाम असता, तर जातवार सामन्यांबरोबर तोही नाहीसा व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. ब्रेबर्न मैदानाचा मालक क्रिकेट क्लब आणि मुंबईच्या क्रिकेटचा कारभार पाहणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे तेढ चालली. ती १९७३ च्या सुमारास विकोपास गेली. दोन्ही बाजूंस सर्व धर्मांचे लोक होते आणि कोणी कोणाच्या समाजाचा अपमान केला नव्हता. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर नवे मैदान सुमारे वर्षभरात उभे केले, आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथे झाला. १९३७ मध्ये हिंदू जिमखान्याने सामने सोडले, १९७५ मध्ये असोसिएशनने मैदानच सोडले. कारण दोन्ही वेळा एकच, जागांची वाटणी. वादातून धर्म वजा केला तरी बाकी तीच उरते.

आणि खेळाडू? त्याने आपली किंमत ओळखली ती प्रथम परदेशात. लँकेशायरमधील गिरणगावांचे क्लब उन्हाळ्यापुरता एखादा नामवंत खेळाडू कराराने ठेवीत. विनू मंकड यांस १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी देण्यास नियामक मंडळ तयार झाले नाही, तेव्हा त्यांनी हॅसलिंग्डन क्लबाशी करार केला. पहिल्या कसोटीत संघाची दैना झाल्यावर त्याच क्लबाकडून त्यांस मागून घ्यावे लागले. आणि लॉर्ड्‌सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या. आपल्या देशासाठी खेळण्याकरिता एका इंग्रज गिरणगावची परवानगी लागली, या घटनेवर त्या काळी पुष्कळ टीका झाली. परंतु त्या गिरणगावने मंकड यांस जे दिले होते ते मुंबईच्या मैदानांनी कधी दिले नव्हते. ते म्हणजे खेळाच्या मोबदल्याचा लिखित करार.

पुढे काळ बदलला. २००८ मध्ये मुंबईच्या नावाचा एक संघ ११ कोटी १९ लक्ष डॉलरला एका उद्योगसमूहाने घेतला आणि खेळाडूंची बोली भर सभेत लागली. ही बोली पाहून अनेक जुन्या क्रिकेटरसिकांस खेद झाला. खेळाचा बाजार झाला असे ते म्हणाले. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे, की बाजार त्या दिवशी सुरू झाला नाही. तो १८९२ नंतर कधी तरी, मैदानाच्या कडेने पहिला मांडव पडला त्या दिवशी सुरू झाला होता. फरक एवढाच, की खेळाडूचे नाव विक्रीच्या बाजूस शंभर वर्षे होते. मोबदल्याच्या बाजूस ते आता आले.

आरंभी ज्या गावजत्रेतील फडाचा उल्लेख केला, तेथे फेटा बांधलेला पंच इनामाची रक्कम मोठ्याने पुकारतो. मानवतच्या परिसरातील शेतकऱ्यास ती पुकार ऐकताना खेळाचा अपमान झाला असे कधी वाटले नाही. उलट, रक्कम जितकी स्पष्ट तितका मल्लाचा मान मोठा, असाच त्याचा हिशेब. पाळवणकर बाळूंचे ४ रुपये आम्हांस ठाऊक आहेत, कारण ते मजुरीच्या खात्यावर होते. ज्या सामन्यांत त्यांस पाहण्यासाठी हजारो लोकांनी तिकिटे काढली, त्यांच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा किती, हे सांगणारे खाते मात्र कोणत्याही वहीत उघडलेच गेले नव्हते.